वुजूच्या पाण्यावर मिरची
जालना म्हणजे बियाण्यांचे शहर. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको इथेच सुरू केली. भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजारही प्रसिद्ध. तरी घरात मिरची विकतचीच! अडचण पाण्याची. २०१३ चा दुष्काळ आम्ही विसरलेलो नाही. म्हणून आता वुजूचे पाणी बादलीत धरतो. त्यात साबण नसतो, कुंड्यांना चालते.

तळाला छिद्रे पाडलेल्या जुन्या डब्यात माती-शेणखत भरावे. पाच-सहा आठवड्यांचे रोप लावले की दोन-अडीच महिन्यांत मिरच्या लागतात. कोथिंबिरीसाठी धणे रगडून पेरावेत. मे महिन्यात जुन्या ओढणीची सावली करावी.

लावलेल्या रोपातून माणसाने, पाखराने खाल्ले तरी तो सदका, असे हदीस सांगते. भगिनींनो, पहिली मूठभर मिरची शेजारी द्या.