रोजच्या ताटामागे : अंड्याचं कवच

गेल्या आठवड्यात विरजणाबद्दल लिहिलं, या आठवड्यात अंडं. प्राण्यांपासून आपण जे जे खायला घेतो, त्यात वेष्टनासकट घरी येणारी अन्नं थोडीच, त्यातलं हे एक. दूध तापवलं नाही तर दुपारपर्यंत नासतं, मासळीला बर्फ लागतो. अंडी मात्र वाण्याच्या दुकानात उघड्यावर, तीस-तीसच्या ट्रेमध्ये थरावर थर लावून ठेवलेली असतात आणि तरी बरेच दिवस टिकतात. ती का टिकतात आणि कशानं बिघडतात, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं कवचापासून सुरू होतात.

हे कवच जवळजवळ पूर्ण कॅल्शियम कार्बोनेटचं, म्हणजे चुनखडीचंच असतं. एक अंडं तयार व्हायला कोंबडीला साधारण एक दिवस लागतो आणि त्यातले वीसेक तास एकट्या कवचावर खर्च होतात. हाताला ते गुळगुळीत आणि बंद वाटतं, पण त्याला डोळ्यांना न दिसणारी सात हजार ते सतरा हजार छिद्रं असतात. ती असावीच लागतात. पिल्लू आत एकवीस दिवस वाढतं, तेव्हा त्याला प्राणवायू बाहेरून घ्यायचा असतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायचा असतो. छिद्रं आहेत म्हटल्यावर जंतूही आत शिरणार. म्हणून अंडं घालण्याआधी कोंबडीच्या शरीरात त्यावर एक अगदी पातळ, ओलसर थर चढतो. तो बाहेर आल्यावर काही मिनिटांत सुकतो आणि छिद्रांची तोंडं झाकतो. हवा त्यातून जाते, जंतूंना वाट सहजी मिळत नाही.

घरातल्या अंड्यांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याच थराची. बाजारातून आणलेली अंडी नळाखाली धुऊन ठेवायची सवय अनेक घरांत आहे. हेतू स्वच्छतेचा असतो, परिणाम उलटा होतो. धुण्यानं तो थर निघतो. शिवाय पाणी अंड्यापेक्षा थंड असलं तर आतला ऐवज आकसतो आणि कवचावरचं पाणी, त्यातल्या घाणीसकट, छिद्रांतून आत ओढलं जातं. अमेरिकेत विक्रीची अंडी धुतली जातात, पण तिथं गरम पाणी वापरतात आणि त्यानंतर अंडी सतत थंडच ठेवावी लागतात. युरोपीय संघात उलट नियम आहे: दुकानात येणारी पहिल्या प्रतीची अंडी सर्वसाधारणपणे धुवायचीच नाहीत. आपल्याकडे दुकानापर्यंत शीतसाखळी नसते, त्यामुळे आपल्याला युरोपची रीत जवळची. घाण लागलेली असेल तर कोरड्या फडक्यानं पुसावी. धुवायचंच असेल तर फोडण्याच्या आधी, त्याच वेळी धुवावं. आणि अंडी हाताळल्यावर हात साबणानं धुवावेत, हे मात्र नक्की करावं.

कवचातून जंतू आत गेलाच, तरी त्याचं काम सोपं नसतं. पांढऱ्या भागात लायसोझाइम नावाचं प्रथिन असतं, ते अनेक जंतूंची भिंत फोडतं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1922 साली या लायसोझाइमचा शोध जाहीर केला, पेनिसिलिनच्या काही वर्षं आधी. दुसरं एक प्रथिन लोह पकडून ठेवतं, तिसरं बायोटिन हे जीवनसत्त्व अडकवून ठेवतं. जंतूला वाढायला जे लागतं ते समोर असूनही मिळत नाही. खरी मेजवानी बलकात असते आणि बलक मधोमध राहावा म्हणून दोन्ही टोकांकडे पांढऱ्या पिळाच्या दोऱ्या असतात. अंडं फोडल्यावर दिसणारा हा पांढरा दोरा पिल्लाचा भाग समजून काहीजण किळसेनं काढून टाकतात. तो साधं प्रथिन आहे आणि तो ठळक दिसला तर अंडं ताजं आहे असं समजावं. बलकावरचा रक्ताचा ठिपकाही पिल्लाची खूण नसतो. बलक सुटताना कोंबडीच्या शरीरातली एखादी बारीक रक्तवाहिनी फुटते, त्याचा तो डाग.

अंडं शिळं होतं तेही छिद्रांमुळेच. कोंबडीचं शरीर एकेचाळीस अंशांच्या आसपास गरम असतं. अंडं बाहेर पडून निवलं की आतला ऐवज आकसतो आणि रुंद टोकाला दोन पापुद्र्यांच्या मध्ये हवेची छोटी पोकळी तयार होते. पुढं रोज थोडं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि पोकळी वाढत जाते. पाण्यातली परीक्षा यावरच चालते. ताजं अंडं तळाशी आडवं पडतं, जुनं होऊ लागलं की तिरकं, मग उभं राहतं, फार जुनं झालं की तरंगतं. पण ही परीक्षा वय सांगते, सडणं सांगत नाही. शंका आली तर ते वेगळ्या वाटीत फोडावं. सडलेल्या अंड्याचा वास लपत नाही. ट्रेमध्ये रुंद टोक वर ठेवतात तेही या पोकळीसाठी: हवा वरच राहते आणि बलक तिच्याकडे ढकलला जात नाही.

पाण्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही बाहेर जातो. अगदी ताज्या अंड्याचा पांढरा भाग किंचित दुधाळ दिसतो तो या वायूमुळे. तो निघून गेला की पांढरा भाग स्वच्छ होतो, पातळ होतो आणि अधिक अल्कधर्मी होतो. घरच्या कोंबडीचं सकाळचं अंडं दुपारी उकडलं तर सोलताना कवचाबरोबर पांढऱ्याचे लचके निघतात. त्यात उकडणाऱ्या बाईंचा दोष नसतो. आतला पापुद्रा पांढऱ्याला घट्ट चिकटलेला असतो आणि अल्कधर्मीपणा वाढल्यावरच ती पकड सैल होते. म्हणून अंडाकरीसाठी चार-पाच दिवसांची अंडी घ्यावीत, ताजी पोळ्यासाठी राखावीत.

शीतकपाटं नव्हती तेव्हा अनेक देशांत अंडी चुन्याच्या निवळीत बुडवून महिनोन्महिने ठेवत. अंड्यातून येणारा कार्बन डायऑक्साइड निवळीतल्या चुन्याशी मिळून छिद्रांपाशीच कॅल्शियम कार्बोनेट तयार करतो आणि छिद्रं बुजतात. ज्या वायूच्या जाण्यानं अंडं जुनं होतं, त्याच वायूकडून दार लावून घ्यायची ही युक्ती मला फार आवडते.

एक जंतू मात्र कवचाला चुकवून येऊ शकतो. साल्मोनेलाचा एक प्रकार कोंबडीच्या अंडाशयात असतो आणि कवच तयार होण्याआधीच आत शिरलेला असतो. त्यावर उपाय एकच, नीट शिजवणं. बलक सत्तर अंशांच्या आसपास घट्ट होतो. लहान मुलं, गरोदर बाया आणि वृद्ध यांच्या ताटात बलक पातळ ठेवू नये. कच्चं अंडं दुधात फेटून पिण्यानं ताकद येते ही समजूतही सोडावी. कच्च्या अंड्यातलं प्रथिन शरीराला शिजवलेल्यापेक्षा बरंच कमी लागू पडतं.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात अंडं टिकण्याचं आणखी एक कारण आहे. मोठ्या पोल्ट्रीत अंड्यांच्या कोंबड्यांबरोबर कोंबडा ठेवत नाहीत, त्यामुळे ती अंडी निर्बीज असतात, त्यांतून पिल्लू होऊच शकत नाही. सबीज अंडं तापत्या खोलीत ठेवलं तर त्यात गर्भाची वाढ सुरू होऊ शकते, निर्बीज अंड्यात ते होत नाही. गांधीजींनी 1942 साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना आरोग्यावर जे छोटं पुस्तक लिहिलं, त्यात ज्याला दूध चालतं त्याला निर्बीज अंडं चालायला हरकत नसावी, असं मत दिलं आहे. स्वतः कडक शाकाहारी असलेल्या माणसानं हे लिहिलं, म्हणून ते महत्त्वाचं. अंडं कुणी खावं हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. पण जे खातात त्यांच्या मुलांना ते मिळावं, याबद्दल दुमत असू नये. महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत अंगणवाडीतल्या मुलांना अंडी दिली जातात. जिथं वीज बेभरवशाची आणि रस्ता पावसाळ्यात तुटणारा, तिथं सहा ग्रॅम उत्तम प्रथिन बर्फाशिवाय पोचवू शकणारा दुसरा पदार्थ सहज सुचत नाही.

अशा ठिकाणी आणि फ्रिज नसलेल्या कुठल्याही घरात काळजी घ्यायची ती उन्हाची. खोलीतला एक दिवस अंड्याला फ्रिजमधल्या साधारण आठवड्याएवढं जुनं करतो. मातीचं मडकं सावलीत, ओल्या वाळूत अर्धं पुरावं, तळाशी कोरडं गवत घालावं, अंडी रुंद टोक वर करून ठेवावीत आणि तोंडावर पातळ फडकं बांधावं. वाळूवर रोज पाणी शिंपडावं, मडक्याच्या आत मात्र ओल येऊ देऊ नये. ज्यांच्याकडे फ्रिज आहे, त्यांनी एकदा आत ठेवलेली अंडी पुन्हा बाहेर काढून ठेवू नयेत. विशेषतः कोकणात आणि मुंबईत, दमट हवेत, थंड कवचाला लगेच घाम सुटतो आणि ओल्या कवचातून जंतूंना आत जाणं सोपं जातं. दारातल्या खाचाही अंड्यांसाठी चांगल्या नाहीत, कारण दार उघडलं की तिथं गरम हवा लागते. आतल्या कप्प्यात, ट्रेसकट ठेवावीत.