टाळ्यांची साक्ष

गाणे संपल्यावर पडणाऱ्या टाळ्यांपेक्षा गाणे ऐन रंगात असता एखाद्याच्या तोंडून नकळत निसटलेली ‘वाहवा’ अधिक मोलाची, हे मैफलीत बसणाऱ्यास निराळे सांगावे लागत नाही. कारण टाळ्यांत शिष्टाचाराचा थोडा तरी अंश असतो, ‘वाहवा’ला विचार करण्यास अवसरच मिळालेला नसतो. प्रत्यक्ष मैफलीत मुद्रित झालेली तबकडी ऐकण्याचे सुख स्टुडिओच्या बंद दाराआड सिद्ध झालेल्या निर्दोष मुद्रिकेहून निराळे का, याचा उलगडा मला या भेदात सापडतो. स्टुडिओतील मुद्रिका हा कलावंताने स्वहस्ते लिहून दिलेला दस्तऐवज होय. मैफलीच्या मुद्रिकेवर साक्षीदारांच्या सह्याही असतात.

या सह्यांना जागा मिळाली ती मात्र उशिरा. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या जुन्या तबकडीची एक बाजू तीन-चार मिनिटांत संपे. तेवढ्या अवधीत रागाची ओळख करून द्यावयाची, चीज म्हणावयाची आणि दोन ताना घ्यावयाच्या, अशी घाई जिथे खुद्द गवयालाच, तिथे श्रोत्यांच्या दादेस कोण विचारतो? १९४८ साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने मिनिटास ३३⅓ फेऱ्यांची, बारीक चरांची विनाइलची तबकडी बाजारात आणली आणि एकेका बाजूस वीस-पंचवीस मिनिटांचा ऐवज मावू लागला. १६ जानेवारी १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये झालेली बेनी गुडमनची जाझची मैफल बारा वर्षे पडून राहून १९५० साली लोकांच्या हाती आली, ती या नव्या तबकडीच्या रूपाने. तरीही जागेची काटकसर सुटली नाही. ध्वनी जितका मोठा, तितका चर अधिक हेलकावतो व अधिक जागा अडवितो. म्हणजे टाळ्यांच्या कडकडाटासही भाडे मोजावे लागते. शिवाय तबकडीची गती कायम असली तरी सुई जसजशी केंद्राकडे सरकते, तसतसा एका फेऱ्यात तिच्या वाट्यास येणारा चर आखूड होतो आणि उंच, सूक्ष्म स्वरांची धार किंचित बोथट होते. मैफल शेवटाकडे रंगते, तबकडी शेवटाकडे दमते. या दोहोंचा मेळ घालणे ही मुद्रणकाराची कसोटी.

अशा साक्षीचा एक नमुना पाहा. २४ जानेवारी १९७५ च्या रात्री जर्मनीतील कलोनच्या ऑपेरागृहात पियानोवादक कीथ जॅरेट वाजवावयास बसला, तेव्हा ठरलेल्या भव्य पियानोऐवजी त्याच्यापुढे तालमीचा एक लहान, वरच्या स्वरांत कर्कश आणि खर्जात दुबळा पियानो आला होता. श्रोत्यांना आसनस्थ होण्याची सूचना देणाऱ्या तेथील घंटेची सुरावटीची आठवण करून देणाऱ्या स्वरांनी त्याने आरंभ केला, आणि काही श्रोते हसले. ते हसू तबकडीवर आजही ऐकू येते. पुढे त्या अशक्त वाद्यास सांभाळीत, मधल्या सप्तकात रमत, डाव्या हाताने एकच आकृती पुनःपुन्हा घोळवीत तो सुमारे २६ मिनिटे, म्हणजे तबकडीची एक संपूर्ण बाजू, उत्स्फूर्त वाजवीत राहतो. स्टुडिओत असले वाद्य सरळ नामंजूर झाले असते.

साक्षीदार कधी चुकतातही. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी जो जलसा झाला, त्याच्या तीन तबकड्यांपैकी पहिलीच्या पहिल्या बाजूवर पंडित रविशंकर, उस्ताद अली अकबर खाँ आणि उस्ताद अल्ला रखा आहेत. तिघे वाद्ये जुळवून थांबतात न थांबतात तोच सभागृह टाळ्यांनी दुमदुमते. आणि सूर लावणेच एवढे आवडले असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे, असे पंडितजी मिश्कीलपणे सुनावतात. संपादकाला हा प्रसंग सहज गाळता आला असता. तो राहू दिला म्हणूनच एका संगीतपरंपरेची दुसरीशी झालेली ती बावरी, प्रेमळ भेट आपल्या कानांपर्यंत पोहोचली.

बनावट साक्षीचेही उदाहरण आहे. जुलै १९५६ मध्ये अमेरिकेतील न्यूपोर्टच्या जाझ महोत्सवात ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदातील पॉल गोन्साल्व्हिस याने सॅक्सोफोनवर सलग २७ आवर्तने वाजवून श्रोत्यांना बेभान केले. परंतु तो दुसऱ्याच मायक्रोफोनसमोर वाजवीत राहिल्याने कोलंबियाच्या मुद्रणात त्याचे वाद्य दूरवरून आल्यासारखे उतरले. त्या मैफलीच्या तबकडीतील बराचसा भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतला गेला आणि त्याला टाळ्या वरून जोडण्यात आल्या. हा व्यवहार गैर खराच. पण टाळ्यांवाचून तबकडी खरी वाटणार नाही, याची ती कबुलीच नव्हे काय?

घरी मैफलीची तबकडी लावणाऱ्याला दर वीस-बावीस मिनिटांनी उठून बाजू उलटावी लागते. याविषयी पुष्कळांची तक्रार असते. मला तो मध्यंतराचा शिरस्ता वाटतो. पहिल्या बाजूचा नाद कानांत घोळत असता, सुई पुन्हा हलकेच टेकविण्यापूर्वी, आपण काय ऐकले याचा हिशेब करावयास तेवढी सवड मिळते. मग कलोनमधले ते अनोळखी लोक पुन्हा हसतात, आपणही हसतो, आणि एखाद्या जागेशी नकळत तोंडून ‘वाहवा’ निसटते. तिची नोंद कोणत्याही दप्तरी होत नाही. पण हजेरी लागते.