हद्दपारी
हद्दपारी : एखाद्या व्यक्तीस विशिष्ट प्रदेशाच्या सीमेबाहेर जाण्यास भाग पाडणे व ठराविक मुदतीपर्यंत तेथे परतण्यास मनाई करणे. ‘हद्द’ हा मूळ अरबी शब्द फार्सीतून मराठीत आला. व्यवहारात रूढ असलेल्या ‘तडीपार’ या शब्दातील ‘तड’ म्हणजे काठ. इंग्रजीत या कल्पनेच्या निरनिराळ्या छटांना स्वतंत्र संज्ञा आहेत. परकीयाची देशाबाहेर रवानगी म्हणजे ‘डिपोर्टेशन’. शिक्षा झालेल्या कैद्याची समुद्रापार रवानगी म्हणजे ‘ट्रान्स्पोर्टेशन’ अथवा काळे पाणी. तर देशातीलच रहिवाशास एखाद्या जिल्ह्यातून बाहेर काढणे म्हणजे ‘एक्स्टर्नमेंट’. वि. दा. सावरकर यांना १९११ मध्ये अंदमानात नेण्यात आले, ते दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण होय. ही शिक्षा १ जानेवारी १९५६ पासून रद्द होऊन तिची जागा आजन्म कारावासाने घेतली. स्थानबद्धता मात्र हद्दपारीच्या उलट होय. १९४२ मध्ये जवाहरलाल नेहरू व त्यांचे सहकारी अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले गेले, ती स्थानबद्धता होती. एकीत माणूस आत कोंडला जातो, दुसरीत तो बाहेर ठेवला जातो.

महाराष्ट्रात हद्दपारीचे अधिकार १९५१ च्या पोलीस अधिनियमाच्या कलम ५५ ते ५७ अन्वये प्राप्त होतात. कलम ५५ टोळ्यांना, कलम ५६ भीती वा धोका निर्माण करणाऱ्या व्यक्तींना आणि कलम ५७ विवक्षित गुन्ह्यांत पूर्वी शिक्षा झालेल्यांना लागू आहे. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षांची असते. आदेशापूर्वी आरोपांचे सर्वसाधारण स्वरूप लेखी कळवून म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. आदेशाविरुद्ध तीस दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते.

लगतचे जिल्हेही आदेशात समाविष्ट करता येतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यास नाशिक, छत्रपती संभाजीनगर, बीड, धाराशिव, सोलापूर, पुणे व ठाणे हे जिल्हे लागून आहेत. नेवासे तालुक्यातील माणसाने गोदावरी ओलांडली, की तो संभाजीनगर जिल्ह्यात पोहोचतो. त्यामुळे आदेश एकाच जिल्ह्यापुरता असल्यास उपद्रव केवळ नदीपलीकडे सरकण्याचा संभव असतो. उलट लगतचे सर्व जिल्हे घातल्यास घर, शेती व रोजगार ही सारीच त्या व्यक्तीस दुरावतात.

कलम ५६ खाली काही प्रसंगी भीतीमुळे साक्षीदार उघडपणे पुढे येत नाहीत, हाच कारवाईचा एक आधार असतो. साहजिकच न्यायालयात गुन्हा शाबीत न होताही माणूस घराबाहेर पडतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये या तरतुदी वैध ठरविल्या. तथापि जालना जिल्ह्यातील एका प्रकरणात २०२२ मध्ये आदेश रद्द करताना, हद्दपारी हा असाधारण उपाय असून संविधानाच्या अनुच्छेद १९ मधील संचारस्वातंत्र्यावर ती मर्यादा घालते, म्हणून कमाल मुदतीचा आदेश देताना त्यामागील विचार नोंदलेला असला पाहिजे, असे स्पष्ट केले. समाजाची सुरक्षितता व व्यक्तीचे स्वातंत्र्य यांचा तोल या कारणमीमांसेवरच अवलंबून राहतो.