रक्ताची साक्ष

गेल्या श्रावणात आमच्या सहा वर्षांच्या चिरंजीवांना दुपारी चारच्या सुमारास हुडहुडी भरली आणि दिवेलागणीला पारा १०३ वर गेला. शेजारच्या काकूंनी घरात उरलेल्या अँटिबायोटिकची पट्टी आणून दिली. "द्या हो, काही होत नाही!" मी हात पुढे केलाही होता, पण आमच्या सौभाग्यवतींनी डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळी देणार नाही, असे बजावले. घरात मराठीच्या मास्तराचे ऐकतो कोण!

डॉक्टरांनी आठ वाजता रक्त घ्यायला लावले. अहवालात 'सीआरपी' म्हणून एक आकडा होता: लिटरमागे ९ मिलिग्रॅम. म्हणजे जवळजवळ निरोग्यासारखा. मी सुटकेचा निःश्वास टाकला. डॉक्टर मात्र म्हणाले, "आत्ताशी चार तास झालेत. उद्या पुन्हा पाहू."

रक्तही घड्याळ पाहून बोलते की काय? मुलाच्या उशाशी बसून मी या सीआरपीचे कूळ शोधले. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस हे न्यूमोनियाच्या रोग्यांचे रक्त तपासत होते. या रोगाच्या जिवाणूपासून काढलेला 'सी' नावाचा पदार्थ रोग्याच्या रक्ताच्या निवळीत मिसळला की साका बसे. रोगी बरा झाला की बसत नसे. त्या 'सी'वरून नाव पडले सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. हे प्रथिन तयार होते यकृतात. शरीरात कोठे दाह सुरू झाला की यकृत ते रक्तात सोडू लागते. पण आकडा चढू लागायला सहा-आठ तास लागतात आणि शिखर गाठायला सुमारे दोन दिवस. जिवाणूंच्या तापात तो बहुधा पुष्कळ चढतो, विषाणूंच्या तापात बहुधा थोडा. यातला 'बहुधा' मोलाचा, कारण संधिवातात आणि शस्त्रक्रियेनंतरही आकडा वाढतो.

याहून चपळ साक्षीदार म्हणजे प्रोकॅल्सिटोनिन. जिवाणूंच्या गंभीर संसर्गात ते वाढते, हे पॅरिसच्या डॉक्टरांनी १९९३ साली दाखवून दिले. ते काही तासांतच वाढते. पण ही तपासणी महाग, आणि मोठ्या दुखापतीत तीही चकवते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाचा श्वास भराभर चालू लागला. आकडा आला १४६. क्ष-किरणांत उजव्या फुप्फुसावर डाग. न्यूमोनियाच! रुग्णालयात औषध शिरेतून सुरू झाले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, आकडाही निम्म्याखाली आला आणि स्वारीने वरणभात मागितला.

"अखेर अँटिबायोटिकच लागले ना!" असे काकू अजून ऐकवतात. त्यांच्या पट्टीतले औषध वेगळे होते, मात्रा मोठ्या माणसाची होती. पण हे त्यांना सांगणार कोण?

परवा कपाट आवरताना पहिल्या रात्रीचा अहवाल हाती लागला. कोपऱ्यात बारीक अक्षरांत रक्त घेतल्याची वेळ छापली होती: ८.०५. त्या रात्री मी तो कागद चार वेळा तरी वाचला असेन. ती ओळ मात्र वाचली नव्हती.