पहिल्या बाटलीपासून सुरू होणारा संवाद

विद्यापीठातले पाण्याचे संशोधन लोकांपर्यंत पोचवायचे म्हटले, की सगळे संपल्यावर लिहायची बातमी आपल्या डोळ्यांपुढे येते. शोधनिबंध तयार झाला, आता कुणीतरी तो सोपा करून सांगावा. पाण्याच्या बाबतीत हा क्रम टिकत नाही. नमुना लोकांच्या घरातल्या नळाचा असतो, बाटली भरणारेही तेच असतात आणि उत्तर येईपर्यंत तेच पाणी पीत असतात. म्हणून संवादाचे काम पहिल्या बाटलीपासूनच सुरू होते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातील फ्लिंट शहरात २०१५ साली जे घडले, त्यात या कामाचे टप्पे स्पष्ट दिसतात.

पार्श्वभूमी

फ्लिंटला डेट्रॉइटकडून ह्युरॉन सरोवराचे शुद्ध केलेले पाणी मिळत होते. खर्च वाचवण्यासाठी एप्रिल २०१४ मध्ये ते बंद झाले आणि फ्लिंट नदीचे पाणी प्रक्रिया करून नळाला सोडण्यात आले. या पाण्यात क्लोराइड जास्त होते. शिवाय डेट्रॉइटच्या पाण्यात घातले जाणारे फॉस्फेट इथे घातले गेले नाही. फॉस्फेटमुळे नळ्यांच्या आतल्या बाजूवर एक पातळ थर धरतो आणि धातू पाण्यात उतरत नाही. तो आधार गेल्यावर जुन्या नळ्यांमधले आणि सांध्यांच्या झाळकामातले शिसे पाण्यात येऊ लागले. यंत्राचे भाग गंजतात म्हणून ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने हे पाणी वापरणे थांबवले. घराघरांत मात्र तेच पाणी येत राहिले आणि ते सुरक्षित असल्याचे अधिकारी सांगत राहिले.

ली-अ‍ॅन वॉल्टर्स या तिथल्या गृहिणीने स्वतःच्या घरातल्या पाण्याचा पाठपुरावा केला आणि व्हर्जिनिया टेक विद्यापीठातील स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक मार्क एडवर्ड्स यांच्याशी संपर्क साधला. तिच्या घरातल्या एका नमुन्यात शिशाचे प्रमाण १३,२०० पीपीबी (अब्ज भागांमागे इतके भाग) निघाले. अमेरिकेत कारवाईची पातळी १५ पीपीबी आहे.

टप्पा पहिला : बाटली आणि सूचना

एका घरावरून शहराबद्दल बोलता येत नाही. म्हणून ऑगस्ट २०१५ मध्ये एडवर्ड्स यांच्या गटाने फ्लिंटला ३०० नमुना-संच पाठवले. ते घरोघर पोचवायचे आणि गोळा करायचे काम तिथल्या रहिवाशांनी केले. अडीचशेहून अधिक संच भरून परत आले.

प्रत्येक संचात तीन बाटल्या होत्या. पाणी किमान सहा तास नळीत थांबलेले असताना पहिली, एक लिटरची बाटली भरायची. मग नळ ४५ सेकंद वाहू देऊन दुसरी आणि दोन मिनिटे वाहू देऊन तिसरी. पहिल्या बाटलीत घरातल्या नळाचे आणि सांध्यांचे पाणी येते. पुढच्या बाटल्यांत घराला रस्त्यावरच्या मुख्य वाहिनीशी जोडणाऱ्या नळीचे आणि त्यापलीकडचे पाणी येते. तिन्ही आकडे शेजारी ठेवले, की शिसे कुठून येते याचा अंदाज बांधता येतो.

इथे सूचनापत्रक हाच प्रयोगाचा कणा ठरतो. ‘आदल्या रात्री नळ पाच मिनिटे सोडून ठेवा’ एवढे एक वाक्य त्यात घातले, तर साचलेले शिसे वाहून जाते आणि बाटलीत प्रत्यक्षापेक्षा स्वच्छ पाणी येते. फ्लिंटच्या सरकारी तपासणीत नेमकी हीच सूचना दिली जात होती. त्यामुळे पत्रकाची भाषा, बाटल्यांवरचे क्रमांक, कृती दाखवणारी चित्रफीत हे सारे संवाद सांभाळणाऱ्याने संशोधकाच्या शेजारी बसून ठरवायचे असते. व्हर्जिनिया टेकच्या गटात ही जबाबदारी सिद्धार्थ रॉय या मूळच्या भारतीय संशोधक विद्यार्थ्याकडे होती. तो नळ्यांच्या क्षरणाचाच अभ्यास करत होता, त्यामुळे सूचनेतला कोणता शब्द मोजमाप बिघडवेल याची त्याला जाण होती.

टप्पा दुसरा : आकड्याचा अर्थ

पीपीबी म्हणजे साधारण एका लिटरमध्ये किती मायक्रोग्रॅम. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये १५ पीपीबी शिसे असेल, तर सगळे मिळून ते ०.१५ ग्रॅम भरते, म्हणजे चिमूटभर मिठाहूनही कमी. इतके थोडे शिसे डोळ्यांना किंवा जिभेला कळत नाही, पण वाढत्या मुलाच्या मेंदूला ते बाधते. आपल्याकडच्या आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात शिशाची मर्यादा १० पीपीबी आहे.

शहराचा निकाल सरासरीवर ठरत नाही, कारण बहुतेक घरांचे पाणी ठीक असले तर सरासरीत थोड्या घरांतले विष झाकले जाते. अमेरिकेत त्यासाठी नव्वदावा शततमक वापरतात. शंभर घरांचे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडा आणि नव्वदाव्या घराचा आकडा पाहा. तो १५ च्या वर गेला, तर यंत्रणेला पावले उचलावी लागतात. पद्धत सोपी आहे, पण टोकाचे एक-दोन आकडे काढले तरी निकाल सरकतो. फ्लिंटमध्ये सरकारी यादीतून दोन नमुने वगळले गेले आणि १५ च्या वर असलेला निकाल ११ वर आला. विद्यापीठाच्या सर्वेक्षणात मात्र तो २५ च्या आसपास होता. नियम लोकांना असा उलगडून सांगितला, की कोणता आकडा का बदलला हे ते स्वतः विचारू शकतात.

टप्पा तिसरा : आज काय करायचे

प्रत्येक घराला दोन उत्तरे लागतात. माझ्या नळाचा आकडा किती आणि आज मी काय करू? दुसऱ्या उत्तराशिवाय पहिले नुसती भीती देते. सल्ला नेमका हवा : शिसे गाळण्यासाठी प्रमाणित असलेला फिल्टर लावा, तो नसेल तर पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी घेण्याआधी नळ जोरात पाच मिनिटे सोडा. जोडीला एक गैरसमजही दूर करावा लागतो. उकळल्याने जंतू मरतात, शिसे जात नाही. वाफ उडून पाणी कमी होते आणि शिशाचे प्रमाण उलट वाढते.

आकड्यासारखेच रंगाचेही आहे. महाराष्ट्रात पाण्याच्या स्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतींना लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. रंग लगेच समजतो. पण कार्ड लाल का झाले आणि ते हिरवे व्हायला कोणी काय करायचे, हे ग्रामसभेत सांगितले गेले तरच त्या रंगाचा उपयोग.

टप्पा चौथा : पुरावा उघड्यावर

निकाल येत गेले तसे गटाने ते जाहीर केले. डेट्रॉइटच्या आणि फ्लिंटच्या पाण्याने धातू कसा गंजतो याचे प्रयोग शेजारी-शेजारी दाखवले. सप्टेंबर २०१५ मध्ये फ्लिंटमध्येच पत्रकार परिषद घेतली. त्याच महिन्यात बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अटिशा यांनी मुलांच्या रक्ताच्या नोंदी मांडल्या. शिशाचे प्रमाण वाढलेल्या लहान मुलांची टक्केवारी २.४ वरून ४.९ झाली होती. नळाचा आणि रक्ताचा असे दोन स्वतंत्र पुरावे एकाच दिशेला बोट दाखवू लागले. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी फ्लिंटचा पुरवठा पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्यावर आला.

टप्पा पाचवा : चांगली बातमी सांगताना

काम तिथे संपले नाही. गटाने ऑगस्ट २०१७ पर्यंत एकूण पाच फेऱ्यांत नमुने तपासले. शिसे कमी होत गेले, तरी अनेक रहिवाशांना ते पटेना. ज्यांना वर्षभर ‘पाणी सुरक्षित आहे’ असे खोटे सांगितले गेले, त्यांनी तेच शब्द पुन्हा ऐकल्यावर शंका घेणे साहजिक होते. म्हणून सुधारणा सांगतानाही धोका सांगितला होता तीच पद्धत पाळावी लागते : तीच घरे, त्याच बाटल्या, तीच मोजणी आणि सगळे आकडे खुले.

पाण्यावर संशोधन करणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाने संवादाचा माणूस प्रकल्पाच्या पहिल्या बैठकीला बोलवावा आणि त्याच्या कामाची तरतूद अंदाजपत्रकात करावी. लोकांनी भरलेल्या बाटलीवर जे शास्त्र उभे राहते, त्याचे उत्तर त्यांना कळेल अशा भाषेत आणि वेळेत मिळणे हा त्यांचा हक्क आहे.