गडचिरोलीची सीमा : कचेरीची आणि बोलीची

गडचिरोली जिल्ह्याचा नकाशा पाहिला म्हणजे त्याच्या सीमा निसर्गानेच आखल्या असाव्यात असे वाटते. पश्चिमेस वैनगंगा, वर्धेशी तिचा संगम झाल्यावर पुढे वाहणारी प्राणहिता, दक्षिणेस गोदावरी आणि आग्नेयेस इंद्रावती. परंतु नदी ही कचेरीला सोयीची सीमा होय. बोली ती मानतेच असे नाही.

कचेरीच्या सीमाही येथे स्थिर राहिल्या नाहीत. निजामाकडून १८६० साली इंग्रजांकडे आलेल्या गोदावरीकाठच्या मुलखाचा अप्पर गोदावरी जिल्हा झाला व सिरोंचा हे त्याचे मुख्य ठाणे ठरले. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडून चांदा जिल्ह्यास जोडण्यात आला. १९०७ साली त्यातील दक्षिणेकडचा काही भाग मद्रास इलाख्याकडे गेला. १९५६ साली चांदा मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली हा जिल्हा वेगळा झाला. सिरोंच्याच्या बाजारात तेलुगू ऐकू येते व तहसिलीचे कागद मराठीत असतात, याचे मूळ या उलाढालीत आहे. उत्तरेस कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी व हलबी आढळतात.

भामरागड व एटापल्ली भागातील माडिया ही गोंडीची बोली. गोंडी द्राविड कुळातील असून तिचे निकटचे नाते तेलुगूशी आहे. मात्र ती तेलुगूची बोली नव्हे. तिच्या अंतर्गत भेदांपैकी एक विशेष लक्षणीय आहे. ‘मीठ’ या अर्थाचा शब्द घ्यावा. दक्षिणेकडील ‘उप्पु’शी नाते सांगणारा हा शब्द उत्तर व पश्चिमेकडील गोंडीत ‘सव्वोर’, मधल्या पट्ट्यात ‘होवर’ आणि दक्षिण-पूर्वेकडे ‘ओवर’ असा ऐकू येतो. आरंभीचा ‘स’ प्रथम ‘ह’ झाला आणि मग लोपला. भद्रिराजु कृष्णमूर्ती यांनी १९९८ साली या परिवर्तनाचे विवेचन करून, ध्वनिबदल शब्दाशब्दांतून पसरत जाऊनही अखेर नियमित कसा होतो, हे दाखविले. अभ्यासकास अशी संधी क्वचित लाभते : एरवी शतकांच्या अंतराने दिसणाऱ्या अवस्था येथे शेजारशेजारच्या मुलखांत एकाच वेळी नांदत आहेत. नकाशावर या ध्वनिभेदाच्या रेषा काढल्या तर त्या महाराष्ट्र, छत्तीसगड व तेलंगण यांच्या सीमा खुशाल ओलांडतात.

गणनेला मात्र रेषा लागतात. २०११ च्या जनगणनेत गोंडीचे भाषक सुमारे २९.८ लाख भरले. अनेक भाषाशास्त्रज्ञ जिला गोंडीचीच दक्षिणी बोली मानतात ती कोया त्यांत नाही; तिची नोंद स्वतंत्र आहे. ज्यांना आपण ‘गोंड’ म्हणतो ते स्वतःस ‘कोयतूर’ किंवा ‘कोया’ म्हणवितात, हे ध्यानी घेतले म्हणजे ही विभागणी अधिकच विचित्र वाटते. इतकी संख्या असूनही गोंडी आठव्या अनुसूचीत नाही. अनेक राज्यांत विखुरल्यामुळे ती कोणत्याच राज्याची राजभाषा नाही, आणि जिला राज्य नाही तिला पाठ्यपुस्तकेही सहसा मिळत नाहीत.

याची झळ शाळेत पोहोचते. संविधानाचा अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्यांनी करावी असे सांगतो; माडिया मूल मात्र पहिलीत मराठीच्या पुस्तकासमोर बसते. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच सुरू केली व पुढे मान्यतेच्या प्रश्नावरून ती वादात सापडली. या वादात भाषाशास्त्राच्या वाट्याला येणारा भाग छोटा, पण टाळता न येणारा आहे. अंकलिपीत मिठाच्या चित्राखाली ‘सव्वोर’ छापावे, ‘होवर’ छापावे की ‘ओवर’, हे कोणीतरी ठरवावे लागेल. आणि ते ठरविताना भामरागडच्या मुलाचे कान पुण्यातील कोशापेक्षा अधिक प्रमाण मानावे लागतील.