ठासणीच्या बंदुकीचा नेम

कोकणात जुन्या घराच्या ओटीवर आडवी टांगलेली ठासणीची बंदूक पुष्कळ वाचकांनी पाहिली असेल. रात्री भातात डुकरे उतरली की ती खाली निघते. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, मग पुन्हा बोळा. घोड्याखाली केप बसवली की काम झाले. दारू किती घातली, असे विचारले तर 'अंदाजाने' हे उत्तर मिळते, आणि ते पुरतेही. आतून गुळगुळीत असलेल्या नळीतून जवळच्या डुकरावर छर्र्यांचा सडा फेकायचा, तर गुंजभर दारू इकडची तिकडे झाल्याने काही बिघडत नाही.

पण याच ठासणीच्या बंदुकीच्या नळीला आतून आटे पाडले, म्हणजे तिची रायफल केली, की 'अंदाजाने' हा शब्द तिला मुळीच खपत नाही.

आटे म्हणजे नळीच्या आत मळसूत्रासारख्या फिरत गेलेल्या खाचा. गोळी त्यांत धरली गेली, की स्वतःभोवती गरगरत बाहेर पडते आणि फिरत्या भोवऱ्यासारखी आपला तोल सांभाळते. मात्र खरा पेच येथेच आहे. गोळी आट्यांत घट्ट बसली पाहिजे, आणि तीच गोळी तोंडाकडून गजाने तळापर्यंत ढकलताही आली पाहिजे. घट्टही हवी नि सैलही हवी! या बंदुकीच्या नेमाचे सगळे शास्त्र या एका अडचणीतून निघालेले आहे.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात वसलेल्या जर्मन कारागिरांनी अठराव्या शतकात ज्या लांब नळीच्या रायफली घडवल्या, त्यांत ही अडचण कापडाने सोडवलेली असे. गोळी नळीपेक्षा किंचित लहान ओतायची आणि तेल-चरबी लावलेल्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळून ठासायची. आटे पकडतात ते कापडाला, आणि कापड फिरवते गोळीला. आजचे हौशी नेमबाज अर्ध्या इंचाच्या नळीला ०.४९० इंचाची गोळी आणि सुमारे ०.०१५ इंच जाडीचे कापड घेऊन सुरुवात करतात. कापड जरा जाड झाले तर गज हातात वाकतो. पातळ झाले तर गोळी आट्यांना दाद देत नाही.

मग दारूचा प्रश्न. जंगलातले शिकारी गोळी तळहातावर ठेवून ती झाकेपर्यंत दारू ओतत आणि तेच माप धरत, अशी एक जुनी कथा आहे. कथा म्हणून ठीक आहे, पण हात हातासारखा नसतो. खरी रीत कंटाळवाणी आहे. अर्ध्या इंचाच्या नळीला पन्नास ग्रेन (दोन ग्रेन म्हणजे साधारण एक गुंज) हा सुरुवातीचा ठोकताळा. बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवायची, पन्नास यार्डांवर कागद लावायचा आणि एकाच मापाच्या पाच गोळ्या झाडायच्या. मग माप पाच ग्रेननी वाढवून पुन्हा पाच. छिद्रे मधोमध पडली की नाहीत, हे या वेळी पाहायचेच नाही. ती एकमेकांच्या किती जवळ पडली, एवढेच पाहायचे. नेम उजवी-डावीकडे सरकवणे माशीचे काम आहे, पण पांगलेल्या गोळ्या माशीने गोळा होत नाहीत. दारू वाढवीत गेले की छिद्रे जवळ येतात, आणि एका मापानंतर पुन्हा फाकू लागतात. त्या मापापाशी थांबायचे. नळी किती दारू सोसते, ही मर्यादा अर्थातच निराळी. ती घडवणाऱ्याला विचारूनच पाळावी लागते.

जाणता नेमबाज कागदाआधी जमीन पाहतो. बंदुकीपुढे काही पावलांवर गोळीभोवतीचे कापड पडलेले असते. कडा नुसत्या उसवलेल्या असतील तर सारे ठीक. मध्ये जळून भोक पडले असेल तर वंगण कमी किंवा कापड पातळ. चिरफळ्या झाल्या असतील तर आट्यांच्या कडा धारदार आहेत. एवढी खरी साक्ष दुसरे कोणी देत नाही.

आणि काजळी! पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा, दहा भाग गंधक या काळ्या दारूचे अर्ध्याहून अधिक वजन जळल्यावर वायू न होता घनरूपानेच उरते. त्यातले पुष्कळ धुरावाटे जाते, बाकीचे नळीला चिकटते. प्रत्येक गोळीनंतर नळी थोडी अरुंद होते. कोरड्या उष्ण हवेत ही काजळी वाळून कडक होते, आणि पहिली गोळी लोण्यासारखी उतरली तरी दहावी मध्येच अडकते. अडकलेली गोळी आणि दारू यांत पोकळी राहिली तर नळी फुगण्याचे, क्वचित फुटण्याचे भय असते. म्हणून गजावर खूण करून गोळी तळाला टेकल्याची खात्री करतात. काजळी मऊ राहावी म्हणून लागते वंगण. वंगण हा या बंदुकीचा शृंगार नव्हे, ते तिचे अन्न आहे.

येथे आपल्या इतिहासाचा संबंध येतो. फ्रान्सच्या कॅप्टन मिनीने १८४९ मध्ये बुडाला पोकळ अशी लांबट गोळी पुढे आणली. ती सैलपणे आत उतरते आणि दारूच्या दाबाने फुगून आटे पकडते. याच तत्त्वावर इंग्रजांची १८५३ची एन्फील्ड निघाली. नळी ०.५७७ इंच, गोळी ०.५६८ इंच आणि वजनाने तीन तोळ्यांना जरा कमी. दारू अडसष्ट ग्रेन, म्हणजे साडेचार मासे. गोळीभोवती काडतुसाचा कागद, आणि त्या कागदाला बाहेरून चरबी नि मेण. शिपायाने काडतुसाचे दुसरे टोक दातांनी तोडून दारू ओतायची आणि कागदासह गोळी ठासायची.

चरबी कोणत्या जनावराची, याची खबरदारी कोणी घेतली नव्हती. जानेवारी १८५७ मध्ये डमडमला बोभाटा झाला, तेव्हा शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण स्वतः लावावे, अशी मुभा सरकारने दिली. पण विश्वास उडाला होता, आता संशय कागदावर गेला. २४ एप्रिलला मीरतला पंच्याऐंशी स्वारांनी काडतुसे नाकारली, ती तर जुन्या धाटणीचीच होती. १० मेला काय झाले, ते सर्वांस ठाऊक आहे. त्या उठावाची कारणे चरबीहून फार खोल होती, हे खरेच. पण मौज अशी, की पुढे हिंदुस्थानच्या उन्हात गोऱ्या सोजिरांनाही ती गोळी ठासता येईना. मग गोळी ०.५५० इंचाची केली आणि चरबी काढून निव्वळ मधमाश्यांचे मेण घेतले. उन्हात चरबी वितळून कागदात मुरते, मेण टिकते. म्हणजे शिपाई जे धर्मासाठी मागत होता, तेच बंदुकीलाही हवे होते! हे दोन वर्षे आधी कोणाच्या ध्यानात आले असते, तर निदान ते एक निमित्त तरी टळले असते.

त्याच १८५७ साली मँचेस्टरचे यंत्रज्ञ जोसेफ व्हिटवर्थ यांची षट्कोनी नळीची रायफल एन्फील्डशी ताडून पाहिली गेली. पाचशे यार्डांवर एन्फील्डच्या गोळ्या सरासरीने सत्तावीस इंच चुकल्या, व्हिटवर्थच्या साडेचार इंच. नळी ०.४५१ इंच, आटे वीस इंचांत एक फेरा, आणि गोळीचे वजन तेवढेच. १८६० मध्ये विंबल्डनला व्हिक्टोरिया राणीने यंत्रात पक्की बसवलेल्या याच रायफलीची दोरी ओढली, तेव्हा चारशे यार्डांवर गोळी मध्यापासून सव्वा इंचावर लागली. तरीही लष्कराने ती घेतली नाही. महाग होती, आणि काजळीने लवकर चोंदत असे.

ठासणीच्या बंदुकींच्या जागतिक स्पर्धा आजही भरतात, आणि तेथे शंभर मीटरच्या दोन सामन्यांना मिनी आणि व्हिटवर्थ यांचीच नावे आहेत. अर्ध्या तासात तेरा गोळ्या झाडायच्या. त्यांतल्या उत्तम दहा धरतात. दारूचा डबा घेऊन रांगेत उभे राहू देत नाहीत. प्रत्येकाने आपल्या बंदुकीला मानवणारे माप घरूनच नळकांड्यांत भरून आणायचे असते, एका गोळीला एक नळकांडे.